ड्राइव्हवेवरचा रुमाल

जानसेत नानंनी मला मदत केली. काय घडलं ते मागून सांगते, आधी नाव. घडलेलं सांगायला बसलं की माझा आवाज चढतो, जुना राग वर येतो, आणि ज्यांचे आभार मानायचे त्यांचंच नाव शेवटी राहून जातं. तसं व्हायला नको. जानसेत नानं. मेलबर्नच्या टोकाला, टार्निटमध्ये, आमच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या सर्केशियन आजी.

त्यांच्या भाषेत आजीला नानं म्हणतात. आमच्याकडे नाना म्हणजे धोतर नेसणारे, तपकिरीची डबी कनवटीला लावणारे चुलत सासरे. त्यामुळे पहिले काही दिवस हाक मारताना मला हसू यायचं. त्या मला दाखे म्हणायच्या. दाखे म्हणजे सुंदर. मला तोवर तसं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून मी अर्थ दोनदा विचारून घेतला होता.

सर्केशियन म्हणजे कोण, हे मला कुठलं माहीत असायला. माझं शिक्षण नववी. वार्षिक परीक्षेच्या आधी दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. नानंनीच सांगितलं की काळ्या समुद्राच्या काठी, डोंगरात त्यांची गावं होती. रशियाच्या बादशहाने ती घेतली आणि उरलेल्या माणसांना जहाजांत घालून तुर्कांच्या मुलखात धाडलं. त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. नानंचा स्वतःचा जन्म सीरियातला, गोलानच्या पठारावरच्या एका गावातला. तेही गाव पुढे लढाईत गेलं. मग दमास्कस, मग इथं. "आम्ही बॅग भरण्यात हुशार," असं त्या म्हणायच्या आणि हसायच्या नाहीत.

परवा सहा वर्षांनी मी त्या गल्लीत गेले. नानंच्या मुलीचा फोन आला होता. घर विकलं, आईला नर्सिंग होममध्ये ठेवतोय, तुझ्यासाठी तिने एक वस्तू वेगळी काढून ठेवलीय, येता येईल का? आम्ही आता राहतो त्या टूवूंबाहून निघालो. दोन दिवसांचा रस्ता. गाडी हे चालवत होते, आणि दोन दिवसांत आमच्यात जेवढं बोलणं झालं ते पेट्रोल पंप आणि बाथरूम यांच्याबद्दल. गल्लीत शिरल्याबरोबर ह्यांनी तोंडाशीच गाडी उभी केली.

"पुढे घ्या ना थोडी."

"तू जाऊन ये. मी इथेच आहे."

"सहा वर्षं झाली ओ."

"मला मोजता येतं."

नानंच्या घराला लागून जे घर आहे ते माझ्या थोरल्या दिरांचं. ह्यांचे सख्खे भाऊ. आम्ही त्यांना दादा म्हणतो. सहा वर्षं दोघे एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. आणि नेवाश्याला माझ्या सासूबाई आहेत, त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. त्यांच्या हिशेबाने दोघे भाऊ ऑस्ट्रेलियात जवळजवळ राहतात, सणावाराला एका ताटात जेवतात. दर रविवारी फोनवर त्यांचा एकच प्रश्न असतो, "दोघं एका फोटोत कधी दिसणार रे?" त्यांची नजर चालली आहे. एका डोळ्याने तर दिसतच नाही. त्या फोटो मागतात तेव्हा मला ऐकवत नाही. मी भाजी जळल्याचं निमित्त करून उठते.

दाराकडे चालताना आधी वास आला. वाळल्या गवताचा. टार्निटचा उन्हाळा म्हटलं की मला तोच वास आठवतो. उत्तरेकडून भट्टीसारखा वारा यायचा आणि मोकळ्या माळावरचं सगळं गवत हाडासारखं पांढरं पडायचं. आम्ही आलो तेव्हा अर्धी गल्ली बांधायची होती. लाकडाचे सांगाडे उभे असायचे, दिवसभर खिळे मारायच्या मशिनीचा टक टक आवाज, त्यात मॅगपाय पक्ष्याची शीळ. घरात दादा, जाऊबाई, त्यांची लहान मुलगी आणि आम्ही दोघं. हे चाकणला फिटर होते. दादांनीच कागदपत्रं करून ह्यांना आणलं, हे मी नाकारत नाही. त्यांचेही उपकार आहेत. पण त्या घरात मला श्वास मोजून घ्यावासा वाटायचा. जाऊबाई कामावर गेल्या की मी फोन उचलत नसे. दारावरची बेल वाजली की स्वयंपाकघरात ओट्यामागे खाली बसायची. कोणी इंग्रजीत काही विचारलं आणि मी चुकीचं हो म्हणून बसले तर?

पण एक आवाज मला धीर द्यायचा. रोज अकराच्या सुमाराला कुंपणापलीकडून खलबत्त्याचा आवाज यायचा. ठण, ठण, मग घासल्याचा. पाठोपाठ लसणाचा वास. पहिल्यांदा आला तेव्हा मी हातातलं लाटणं ठेवून परसात गेले. वाटलं, माझी आई ठेचा कुटतेय. कुंपणाच्या फटीतून पाहिलं तर पांढरा रुमाल बांधलेली एक म्हातारी, लाकडी उखळीत लसूण, मीठ आणि लाल तिखट कुटत होती. तिने मला पाहिलं. मग वाटी भरून कुंपणावरून पुढे केली. मी घरातून बाजरीची भाकरी आणली, अर्धी तिला दिली. दोघींनी उभ्याने खाल्ली. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, म्हणून आमचं जमलं.

ते वर्ष मला असं तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. नानंचं पांढरं चीज, फडक्यात बांधून नळाला टांगलेलं, थेंब थेंब गळणारं. ज्वारीच्या घाट्यासारखी घट्ट शिजवलेली वरी, तिला त्या पास्ता म्हणायच्या, आणि वर कोंबडीचा दाट रस्सा. तीन पायांचं बुटकं लाकडी टेबल. आणि त्यांचं गॅरेज. गल्लीतल्या प्रत्येकाच्या गॅरेजमध्ये गाडी असायची. नानंच्या गॅरेजमध्ये गालिचा होता, कोच होता, भिंतीवर हिरवा झेंडा होता, त्यावर सोनेरी तारे आणि तीन बाण. रोलर डोअर दिवसभर अर्धं वर. हाचेश, म्हणजे पाहुण्याचं घर. त्यांच्या मुलखात प्रत्येक अंगणात असं वेगळं घर असायचं, त्याला कडी नसायची. कुणीही यावं. आलेल्याला तीन दिवस विचारायचं नाही, कोण, कुठला, कशाला आलास. आणि कुणीही आत आलं, अगदी पोर जरी आलं, तरी घरच्यांनी उभं राहायचं.

"पाय दुखत नाहीत?" मी विचारलं होतं.

"बसून राहिलं की जास्त दुखतात," त्या म्हणाल्या.

मग तो दिवस. जानेवारीतली दुपार, रविवार. भांडण कशावरून झालं ते मी लिहिणार नाही. दोघांना तरी आता ते धड आठवत असेल का, कोण जाणे. मला आठवतं ते एवढंच, की आमची गादी ड्राइव्हवेवर उन्हात पडली होती आणि तिच्यावर माझा मिसळणाचा डबा उपडा झाला होता. हळदीचा केवढा तरी मोठा डाग. दादा दारात उभे, हे गाडीपाशी.

"उचल, उचल सगळं. बघत काय बसलास?"

"उचलतोच आहे. पुन्हा या दाराला पाय लावला तर बापाचं नाव लावणार नाही."

"बापाचं नाव घेऊ नको तू! बाप गेला तेव्हा कुठे होतास?"

त्यावर ह्यांनी हातातला पाना उचलला. दादा पायऱ्या उतरून पुढे आले. जाऊबाई "अहो, अहो" करत दारातच थिजल्या. मी गादीपाशी उभी होते. तेवढ्यात बाजूच्या गॅरेजमधून नानं आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण मान ताठ ठेवून, जराही घाई न करता आल्या. दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडला, त्यांचे पातळ पांढरे केस वाऱ्यावर उडाले, आणि त्यांनी तो रुमाल दोघांच्या मध्ये जमिनीवर टाकला.

मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. आमच्यात कुणालाच नव्हता. क्षणभर दोघेही थांबले, हे खरं. मग दादा वाकले. रुमाल उचलला. दोनदा झटकला, त्याची माती काढली, नीट घडी केली आणि नानंच्या हातात दिला.

"आंटी, युअर स्कार्फ. पडला तुमचा. यू गो इनसाइड, नो वरीज. फॅमिली मॅटर."

किती अदबीने बोलले ते. दादा वाईट माणूस नाही. तो गादी बाहेर फेकणारा माणूस म्हातारीची पडलेली वस्तू उचलून देणाराही आहे. नानंनी रुमाल घेतला. त्यांचा चेहरा मी पाहिला. कुणी कानाखाली मारली असती तरी तो चेहरा एवढा पडला नसता.

पाना कुणाला लागला नाही. ह्यांनी तो दूर फेकला, तो नानंच्या लॉनवर जाऊन पडला. मग दादांचं दार बंद झालं, आतून कडी. आम्ही दोघं उन्हात, गादीशेजारी. जायचं कुठे? मला या देशात दुसरं एक दारही माहीत नव्हतं. तेव्हा नानंनी रोलर डोअर पूर्ण वर केलं, त्याचा खडखडाट अख्ख्या गल्लीने ऐकला असेल, आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत, आम्ही आत जाऊन बसेपर्यंत.

तीन दिवस आम्ही त्या गॅरेजमध्ये होतो. तीन दिवस त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. सकाळी चहा, दुपारी पास्ता, संध्याकाळी चीज भरून तळलेल्या करंज्या. आमच्या गादीवरचा हळदीचा डाग त्यांनी स्वतः साबणाने घासला, तो गेला नाही. ह्यांनी पहिल्या दिवशी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी ते लॉनवरून पाना शोधून आणायला गेले आणि तिथेच कुंपणाला धरून रडले. नानंनी मला खुणेने थांबवलं, जाऊ नको म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मीच बोलले. रुमाल का टाकलात?

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्यात दोन माणसं हत्यार घेऊन समोरासमोर आली आणि बाईने डोक्यावरचा रुमाल काढून मध्ये टाकला, की हत्यार खाली. त्यावरून पलीकडे पाऊल टाकायचं नाही. मग दोघं सख्खे वैरी का असेनात.

मी म्हटलं, "आम्हाला माहीत नव्हतं नानं. दादांना खरंच वाटलं, पडला."

"त्यांनाही माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. मला आधी वाटलं, दादांबद्दलच बोलतायत. पण त्या भिंतीवरच्या झेंड्याकडे पाहत होत्या.

मग दुपारभर सांगत राहिल्या. त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगत आलेलं. त्यांच्या लोकांनी समुद्राकाठी एक लाकडी घर बांधलं होतं, सगळ्या टोळ्यांच्या कारभाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावं म्हणून. आपल्याकडच्या पंचायतीसारखं. तिथून अर्ज लिहिले. बादशहाला लिहिला, तुर्कांच्या सुलतानाला लिहिला, लंडनच्या राणीला लिहिला. आम्ही कुणाची जमीन मागत नाही, आमची आम्हाला ठेवा. नानंच्या पणजोबांचा भाऊ म्हणे अर्ज घेऊन जाणाऱ्यांच्या बरोबर होता. परक्या शहरात चांगले कपडे घालून गेले, कमरेला चांदीचा पट्टा. लोकांनी सभा भरवल्या. टाळ्या वाजवल्या. अंगरख्याला हात लावून पाहिला, किती छान शिवलाय म्हणाले.

"आणि मग?"

"मग काय. सगळ्यांना फार वाईट वाटलं."

 ते लाकडी घर शत्रूने जाळलं, हे पुढे सांगितलं. त्याच्याही आधी काही इंग्रज आले होते, हाचेशमध्ये राहिले, कोंबडी-पास्ता जेवले. तो हिरवा झेंडासुद्धा त्या दिवसांतला. पाहुणे धीर देऊन गेले ते गेलेच. झेंडा मात्र राहिला. "आमची चूक ठाऊक आहे का, दाखे? आम्हाला वाटलं, ज्याने आपलं मीठ खाल्लं तो आपल्याकडून बोलेल. तोफा घेऊन आलेल्यालाही आम्ही आधी विचारलं नाही, कशाला आलास. तीन दिवस थांबलो." त्या कडू हसल्या. "तीन दिवसांत त्यांनी रस्ता बांधला, किल्ला बांधला."

आणि शेवटच्या वसंतात, म्हणाल्या, त्यांच्या गावच्या बायका वाटेवर गेल्या. समोरून पलटण येत होती. बायकांनी रुमाल सोडले आणि वाटेवर टाकले, एकीचा, दुसरीचा, सगळ्यांचे, जमीन पांढरी होईपर्यंत. पलटणीतल्या एकाही माणसाला त्याचा अर्थ कळला नाही. घोडे वरून गेले.

"निदान तुझ्या दिराने झटकून दिला," नानं म्हणाल्या.

मग ती जहाजं. त्यांत माणसं मेली की समुद्रात. म्हणून त्यांच्याकडची जुनी माणसं त्या समुद्राचा मासा खात नसत. नानं इथलाही खात नसत. मी एकदा म्हटलं, "हा समुद्र वेगळा ना?" त्या म्हणाल्या, "पाणी कुठे वेगळं असतं?" त्यांच्या त्याच किनाऱ्यावर पुढे बर्फावरच्या खेळांचे जगातले मोठे सामने झाले. नानंनी टीव्हीवर पाहिले होते. नाच, रोषणाई, फटाके. "तासभर नाचले," म्हणाल्या, "आमच्या हाडांवर. एकाच्याही तोंडून आमचं नाव नाही."

चौथ्या दिवशी नानंनी विचारलं, "आता सांग. तुम्हाला काय पाहिजे?" तसं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, मला फोनवर बोलता आलं पाहिजे. त्या मला हाताला धरून कम्युनिटी सेंटरच्या इंग्रजीच्या क्लासला घेऊन गेल्या, आणि मी एकटी घाबरते म्हणून तीन महिने शेजारच्या खुर्चीत बसल्या. क्लास सुरू व्हायच्या आधी बाई दरवेळी एक कागद वाचायच्या. ही जमीन ज्यांची होती त्या मूळ लोकांचा आम्ही आदर करतो, असं. सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून असायचे. नानं मात्र उभ्या राहायच्या. एकट्या. मला आधी लाज वाटायची, मग मीही उभी राहू लागले.

"सगळं घेऊन झाल्यावर नाव वाचतात," नानं एकदा कानात पुटपुटल्या. "पण वाचतात तरी. आमचं अजून तेही नाही."

काही महिने नानंच्याच घरात एका खोलीत काढले, मग ह्यांना टूवूंबाला काम मिळालं. मीही तिथल्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागले, दिवसभर चादरी, अभ्रे, गाऊन. निघायच्या दिवशी मी नानंच्या पाया पडले, त्यांनी घाईने उठवलं. मी विचारलं, हे उपकार मी कसे फेडू? त्या म्हणाल्या, पाहुण्याने फेडायचं नसतं. त्यांच्या डोक्याला तेव्हा निळा रुमाल होता. पांढरा त्या दिवसानंतर त्यांनी बांधला नाही. एकदा टाकला आणि चालला नाही, तो पुन्हा डोक्यावर घ्यायचा नाही, म्हणाल्या. हा त्यांच्याकडचा रिवाज की त्यांचा स्वतःचा हट्ट, मला माहीत नाही.

टूवूंबाची माती लाल आहे. वसंतात जॅकरांडा फुलतो आणि रस्ते जांभळे होतात. सगळं छान आहे. लाँड्रीत कोरी पांढरी चादर पसरली की मात्र दरवेळी माझा हात थबकतो. सोबतची फिलिपिनो मैत्रीण विचारते, "यू ओके, मेट?" मी म्हणते, ऑल गुड. एवढं इंग्रजी मला आता येतं.

तर परवा. नानंच्या घरात शिरले. भिंती मोकळ्या, कार्पेटवर कपाटांच्या पायांचे खड्डे. मुलगी खोक्यांना टेप लावत होती, तिने गॅरेजकडे बोट केलं. रोलर डोअर अर्धं वर होतं. गालिचा गुंडाळलेला, झेंडा उतरवलेला, त्याच्या जागी भिंतीचा रंग ताजा. कोच तेवढा राहिला होता आणि कोचावर नानं. केवढ्याशा झाल्या होत्या. मुलगीच म्हणाली होती, आता कुणाला ओळखत नाही, इंग्रजी गेलं, अरबीही गेलं, आपली भाषा तेवढी उरली.

मी आत पाऊल टाकलं आणि नानं उठू लागल्या. वॉकरला दोन्ही हातांनी धरलं होतं. मी धावले, म्हटलं, "बसा नानं, बसा, मीच आहे." त्या बसल्या नाहीत. हळूहळू पूर्ण उभ्या राहिल्या. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती, अजिबात नव्हती, मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मी कोण, हेही त्यांनी विचारलं नाही. हाताने कोच दाखवला. मी बसल्यावर मग त्या बसल्या.

सगळं पुसलं गेलं होतं. उभं राहायचं तेवढं पायांना आठवत होतं.

मी त्यांचा हात धरून बराच वेळ बसले. मराठीतच बोलले. म्हटलं, नानं, मी आता फोन उचलते. दारावर कुणी आलं की लपत नाही. त्या मान हलवत होत्या, आणि मध्येच त्यांच्या भाषेत काही लांबलचक म्हणाल्या. त्यातला दाखे हा शब्द मला कळला. माझ्यासाठी होता की सहज आला, देव जाणे.

निघताना मुलीने एक पिशवी दिली. आत तो पांढरा रुमाल, इस्त्री केलेला. वर चिकटवलेल्या कागदावर जुन्या, बऱ्या दिवसांतल्या वळणदार अक्षरांत माझं नाव आणि खाली मोडक्या इंग्रजीत एक ओळ. मी चालवला, चालला नाही. तू चालव.

बाहेर आले. शेजारच्या ड्राइव्हवेवर दादा गाडी धूत होते. केस पांढरे झालेत. मला पाहून त्यांनी पाण्याचा पाइप खाली केला.

"कधी आलीस?"

"आत्ताच. नानंना भेटायला."

"हं. चांगली बाई." मग जरा थांबून, "आई बरी आहे ना? मला फोनवर सगळं बरं आहे एवढंच सांगते."

"एका डोळ्याने दिसत नाही त्यांना."

"डॉक्टर ऑपरेशन करायचं म्हणत होते ना?"

"आई घाबरतात. म्हणतात, दोघं आलात तर करीन."

दादांनी गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. गाडी त्यांना केव्हाच दिसली असणार.

"तो आलाय?"

"आलेत."

पाइपमधून पाणी ड्राइव्हवेवर वाहत होतं. बरोबर तिथे, जिथे आमची गादी पडली होती. दादांनी तोंड उघडलं, "चहा तरी..." एवढं ते म्हणाले. तेवढ्यात मागून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. हे उतरले होते. दाराला धरून उभे होते, आमच्याकडे पाहत. दोघांमध्ये वीस पावलं असतील, आणि मध्ये मी, हातात रुमाल.

टाकायचा होता. एवढंच करायचं होतं. बोटांनी घडी मोडलीसुद्धा होती. पण मला सारखे दादांचे ते हात दिसत होते, दोनदा झटकणारे, अदबीने घडी करणारे. समजा पुन्हा वाकले. पुन्हा म्हणाले, पडला तुझा. नाहीतर ह्यांनीच उचलला, चल म्हणाले, उशीर होतोय. नानंचा रुमाल दुसऱ्यांदा पडलेली वस्तू झाला असता, तोही माझ्या हातून. माझे पाय अजून तेच होते. नववीत शाळा सुटलेल्या पोरीचे पाय, ओट्यामागे लपणारे. मी रुमाल पिशवीत घातला.

"येते दादा."

"हं," ते म्हणाले आणि त्यांनी पाइप उचलला. हे गाडीत बसले. दार लागल्याचा आवाज आला.

परतीच्या रस्त्यावर दोन दिवस पिशवी माझ्या मांडीवर होती. ह्यांनी पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी, टूवूंबाचा चढ लागला तेव्हा, समोर बघत म्हणाले, "काय म्हणत होता?"

"चहा घे म्हणत होते."

त्यांनी नुसता गिअर बदलला. पण सहा वर्षांत त्यांनी भावाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. म्हणून हे लिहितेय, नाहीतर लिहिलं नसतं.

नानं, तुम्हाला हे कुणी वाचून दाखवणार नाही, आणि दाखवलं तरी कळणार नाही. पाहुण्याने फेडायचं नसतं, असं तुम्ही म्हणाला होतात. पण मी पाहुणी नाही राहिले, रुमाल तुम्ही माझ्या नावाने ठेवलात. परवा मी घाबरले. आता आधी दोघांना सांगीन, एकेकाला गाठून, या पांढऱ्या कापडाचा अर्थ काय ते. तुमच्या गावच्या बायकांना ते सांगायला कुणी सवड दिली नव्हती, मला सवड आहे. मग टाकीन. सासूबाईंना दिसतंय तोवर टाकीन. आणि दोघांचे पाय त्याच्या अलीकडे थांबले, की मीच तो उचलीन, झटकणार नाही, त्याला लागलेल्या मातीसकट तुमच्याकडे आणीन आणि तुमच्या डोक्याला बांधीन. तुम्ही उठाल, माहीत आहे मला. त्या दिवशी मी तुम्हाला बसा म्हणणार नाही.